शंभरपैकी शंभर

एका नगरपरिषदेच्या वेबसाइटचं काम आमच्याकडे होतं. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा असल्यामुळे, साइट अंध व्यक्तींनाही वापरता यावी, अशी ओळ करारात होती. मी लाइटहाउस या गुगलच्या साधनानं साइटची आपोआप होणारी तपासणी चालवली, 100 पैकी 100 आले, साहेबांना स्क्रीनशॉट पाठवला. माझ्या लेखी विषय संपला.

साहेबांनी मात्र ओळखीतल्या एका काकांना बोलावलं. जन्मापासून अंध, बँकेत टेलिफोन ऑपरेटर. त्यांनी लॅपटॉपवर एनव्हीडीए सुरू केलं. हा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम. 2006 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका अंध तरुणानं बनवायला घेतलेला. तो इतक्या वेगानं बोलत होता की मला अक्षर कळेना.

नळजोडणीचा अर्ज काकांनी भराभर भरला. शेवटचा रकाना झाला, टॅब दाबला, तर थेट तळाची फेसबुकची लिंक. मागे गेले, पुन्हा पुढे आले.

"जमा करायचं बटन कुठंय रे?"

"समोरच आहे काका, ते निळं."

बोललो आणि जीभ चावली.

बटन नव्हतंच ते. डिव्हला, म्हणजे पानावरच्या नुसत्या चौकटीला, निळा रंग फासून मी क्लिक लावलं होतं. माउसला ते बटन, कीबोर्डला मोकळी जागा. आणि शंभर गुण देणाऱ्या तपासणीला हे दिसलंच नव्हतं! शेवटी मीच क्लिक केलं. शांतता.

"झालं का?"

झालं नव्हतं. मोबाइल नंबरात एक आकडा कमी होता. तसं लाल अक्षरांत आलंही होतं, पण मुकाट्यानं.

मग त्यांनी सूचनांची पीडीएफ उघडली. "युको," एनव्हीडीए म्हणाला. खाली पुन्हा "युको". काका हसायला लागले, "पैसे युको बँकेत भरायचेत का?" फाइल कृतिदेवमध्ये टाइप केलेली, म्हणजे इंग्रजी अक्षरांना मराठी आकार देणाऱ्या जुन्या फॉन्टमध्ये. डोळ्यांना 'नाव' दिसतं, आत मात्र इंग्रजी यू, के, ओ.

डिव्हच्या जागी खरं बटन बसवायला पाच मिनिटं लागली. चूक सांगणारा संदेश बोलता करायला अर्धा तास. पीडीएफनी तीन आठवडे खाल्ले. कृतिदेवचं खऱ्या मराठी अक्षरांत रूपांतर करणारा कन्व्हर्टर रफाराची वाट लावायचा, 'अर्ज'चा 'अजर्' करायचा. नगरपरिषदेतल्या लिपिक बाई रोज दुपारी माझ्यासोबत ओळ न् ओळ तपासायला बसायच्या.

काका पुन्हा आले. अर्ज भरला, एंटर मारला, "अर्ज जमा झाला" ऐकलं.

"छान. आता फोन ओटीपी वाचून दाखवेपर्यंत तुझी मुदत संपते, तेवढं बघ."