आईचा इको रिपोर्ट वाचताना

आईच्या फाइलवर डॉक्टरांनी ‘हार्ट फेल्युअर’ लिहिलं होतं आणि ते तिने माझ्याआधी वाचलं. आपल्या बोलण्यात ‘हार्ट फेल झालं’ म्हणजे माणूस गेला. ती हळूच म्हणाली, "म्हणजे आता माझं काही खरं नाही ना गं?" मला उत्तर सुचेना. तिचे पाय सुजतात, आडवं पडलं की दम लागतो, एवढंच मला माहीत होतं.

रात्री टूडी इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट घेऊन बसले आणि एकेक शब्द वहीत उतरवला. एल.व्ही. म्हणजे डावी जवनिका. हा कप्पा साऱ्या शरीराला रक्त ढकलतो, म्हणून त्याची भिंत सगळ्यांत जाड. त्याच्या वरची एल.ए., म्हणजे डावी कर्णिका. हृदयाच्या आकृतीत डावं उजवीकडे का, इथे मी बराच वेळ अडले. आकृती समोर उभ्या माणसाची असते हे ध्यानात आलं आणि पुढचं सुटत गेलं. हायपोकायनेसिया म्हणजे भिंतीची हालचाल कमी. माइल्ड एम.आर. म्हणजे डावीकडची द्विदल झडप नीट मिटत नाही, थोडं रक्त मागे फिरतं. ट्रिव्हियल टी.आर., म्हणजे उजवीकडच्या झडपेतून किंचित रक्त मागे फिरणं, तर निरोगी माणसांतही दिसतं.

खरी धास्ती ई.एफ. या आकड्याची होती. ४० टक्के! "साठ टक्के हृदय गेलं की," आई म्हणाली. पुढच्या भेटीत मी तेच विचारलं. डॉक्टरांनी कागदावर कप्पा काढला: यात १२० मिलीलिटर रक्त भरलं, तर निरोगी हृदयही एका ठोक्याला त्यातलं साधारण ७० मिलीलिटरच बाहेर टाकतं. हेच प्रमाण टक्क्यांत मांडलं की ई.एफ. शंभर टक्के कुणाचंच नसतं, ५५ ते ७० म्हणजे चांगलं. आईचे ४० शंभराशी नाही, पंचावन्नशी ताडून बघायचे. पंप बंद पडलेला नाही, त्याचा जोर अपुरा पडतोय. म्हणून पाणी साठतं, पायांत सूज आणि फुफ्फुसांत दम. हृदयाची रक्तवाहिनी तुंबली तर तो हार्ट अटॅक, ठोकेच थांबले तर कार्डियाक अरेस्ट. हे तिन्ही आम्ही आजवर एकच समजत होतो. फाइलवर तो शब्द लिहिताना पेशंटला एवढं सांगायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

परवा मामाचा फोन आला. "ताई, हार्ट फेल म्हणे?"

"फेल नाही रे, जोर कमी पडतोय," आई म्हणाली. "साठलेलं पाणी उतरवायची गोळी चालू आहे. रोज सकाळी वजन करते, एकदम वाढलं तर पाणी साठतंय असं समजायचं आणि डॉक्टरांना कळवायचं."