वाक्याच्या टोकाला राहिलेला ‘ऑन’: मराठीतून इंग्रजी लिहिताना माझा अनुभव

लिहायला पेन, लिहायला कागद, लिहायला विषय. मराठीत तिन्हींना एकच ‘लिहायला’ पुरतं. इंग्रजीत मात्र ‘अ पेन टु राइट विथ’, ‘पेपर टु राइट ऑन’ आणि ‘अ टॉपिक टु राइट अबाउट’. मराठी मजकूर इंग्रजीत नेताना माझ्या कच्च्या खर्ड्यांतून सर्वांत जास्त गळायचा तो हाच टोकाचा चिमुकला शब्द, म्हणजे प्रिपोझिशन. ‘बोलायला कोणी नाही’चं ‘नोबडी टु टॉक’ व्हायचं आणि ‘टु’ राहून जायचा. ‘राहायला घर’चं ‘अ हाउस टु लिव्ह’ व्हायचं, ‘इन’ गायब.

याचं मूळ मराठीतच आहे. आपली शब्दयोगी अव्ययं नावाप्रमाणे शब्दाला जोडूनच येतात, तीही सामान्यरूपाला. ‘ज्या खुर्चीवर मी बसलो’ यातला ‘वर’ खुर्चीला सोडून एकटा मागे राहू शकत नाही. बोलताना आपण याहून सोपं करतो, ‘मी बसलो ती खुर्ची’ म्हणतो आणि ‘वर’ टाकूनच देतो. खुर्चीवरच बसतात, हे ऐकणाऱ्याला क्रियापदावरून कळतं. इंग्रजीत पाहुणा आत गेला तरी चप्पल दाराशी दिसावी लागते: ‘द चेअर आय सॅट ऑन’. त्यामुळे चुकाही दोन जातींच्या होतात. बोलीच्या सवयीने शब्द गळतो, ‘द चेअर आय सॅट’. शाळेतल्या सवयीने तो दोनदा येतो, ‘द हाउस इन विच ही लिव्ह्ज इन’. दुसरी चूक छापील मजकुरातही सापडते, कारण लिहिणाऱ्याला दोन्ही रचना येत असतात आणि वाक्य निम्म्यावर आल्यावर पहिली विसरलेली असते.

तपासण्याची माझी पद्धत साधी आहे. पुढे गेलेलं नाम परत जागेवर बसवायचं आणि मोकळं वाक्य म्हणून बघायचं. ‘आय सॅट ऑन द चेअर’ यात क्रियापद आणि नाम यांच्यामध्ये ‘ऑन’ आहे, म्हणून नाम पुढे गेलं की तो मागे राहणार. ‘आय बॉट द चेअर’ यात मध्ये काही नाही, म्हणून ‘द चेअर आय बॉट’ एवढंच. या एका कसोटीने उलटी चूकही पकडली जाते. ‘द मॅटर वुई डिस्कस्ड अबाउट’ आपल्याकडे सर्रास लिहिलं जातं, पण मोकळं वाक्य ‘वुई डिस्कस्ड द मॅटर’ असल्यामुळे ‘अबाउट’ला तिथे जागाच नाही. ‘व्हेअर’च्या बाबतीत ‘कडे’चा अर्थ शब्दातच असतो, म्हणून ‘व्हेअर आर यू गोइंग’ पुरतं. ‘हून’चा अर्थ त्यात नसतो, म्हणून ‘व्हेअर आर यू फ्रॉम’मधला ‘फ्रॉम’ सोडता येत नाही.

वाक्य प्रिपोझिशनने संपवू नये, हा शाळेत ऐकलेला नियम इथे आडवा येतो. तो फार जुना आहे, पण इंग्रजीइतका जुना नाही. जॉन ड्रायडन या कवीने 1672 साली नाटककार बेन जॉन्सनच्या एका ओळीवर हा आक्षेप घेतला आणि पुढे स्वतःच्या जुन्या लेखनातली अशी वाक्यंही बदलली. रॉबर्ट लौथने 1762च्या व्याकरणात प्रिपोझिशन आधी ठेवणं जास्त डौलदार म्हटलं, शेवटी ठेवण्याकडे इंग्रजीचा ओढा आहे हेही नोंदवलं, आणि ते नोंदवणारं त्याचं उपवाक्य ‘टु’ने संपलं! थोडक्यात, हा प्रश्न पोशाखाचा आहे, व्याकरणाचा नाही. करारनाम्यात ‘द पर्सन टु हूम द नोटिस वॉज सेंट’ शोभतं. शेजाऱ्याला ‘टु हूम आर यू टॉकिंग?’ विचारलं तर तो दचकेल. त्याला ‘हू आर यू टॉकिंग टु?’ म्हणायचं.

प्रिपोझिशन पुढे आणायचंच असेल तर सोबतचा शब्द बघावा लागतो. प्रिपोझिशनमागोमाग ‘हूम’ आणि ‘विच’ चालतात, ‘दॅट’ चालत नाही. ‘द मॅन टु दॅट आय स्पोक’ चूक, ‘द मॅन दॅट आय स्पोक टु’ बरोबर. जोडणारा शब्द अजिबात नसेल, ‘द मॅन आय स्पोक टु’ असं असेल, तर टोकाशिवाय दुसरी जागाच नाही. ‘मला ज्याची भीती होती तेच झालं’ हे ‘व्हॉट आय वॉज अफ्रेड ऑफ हॅपन्ड’ असंच होतं. इथला ‘ऑफ’ ‘व्हॉट’च्या पुढे नेला की वाक्य मोडतं. उलट काही शब्द मागे राहायला तयार नसतात. ‘सिन्स व्हेन’ आणि ‘टु व्हॉट एक्स्टेंट’ या जोड्या फोडू नयेत.

एक फसवी जात वेगळी काढावी लागते. ‘टर्न डाउन’मधला ‘डाउन’ प्रिपोझिशनसारखा दिसतो, पण तो क्रियापदाचाच तुकडा आहे. ओळखायचं कसं, तर नामाऐवजी ‘इट’ घालून बघायचं. ‘टर्न इट डाउन’ असं ‘इट’ मध्ये शिरलं की तो तुकडा, आणि ‘लुक ॲट इट’ असं मागे आलं की प्रिपोझिशन. तुकडा पुढे हलत नाही, त्यामुळे ‘द ऑफर डाउन विच ही टर्न्ड’ कितीही गंभीर कागदात लिहिलं तरी हास्यास्पदच दिसतं.

खरी कसरत ‘अँड’ आल्यावर सुरू होते. ‘ज्या कारकुनाला मी पत्र लिहिलं आणि उत्तर मिळालं’ हे मराठीत खपून जातं. ‘द क्लार्क आय रोट टु अँड गॉट अ रिप्लाय’ हे मात्र लंगडं आहे. कारकून एकदाच पुढे नेला, पण तो ‘अँड’च्या दोन्ही बाजूंमधून गेलेला आहे, म्हणून दोन्हीकडे त्याची रिकामी जागा दिसली पाहिजे: ‘द क्लार्क आय रोट टु अँड गॉट अ रिप्लाय फ्रॉम’. प्रिपोझिशन वेगवेगळी असतील तर दोन्ही लिहायची, ‘द मशिन्स शी इज फमिलिअर विथ अँड रिस्पॉन्सिबल फॉर’. ‘ट्रस्ट अँड रिलाय ऑन’मध्ये एकच दिसतं, कारण ‘ट्रस्ट’ला लागतच नाही. हाच क्रम उलटा केला तर ‘रिलाय ऑन अँड ट्रस्ट’ होतो, तिथे ‘ऑन’ आपल्या क्रियापदाला धरून राहतो.

प्रश्नार्थक शब्दांची जोडी त्याहून नाजूक. ‘कोण कधी आलं ते सांगा’ या वाक्यावर मी दरवेळी थांबतो, कारण त्यात दोन मागण्या दडलेल्या असू शकतात. पाहुण्यांची यादी हवी असेल, प्रत्येकाच्या नावापुढे वेळ, तर ‘टेल मी हू केम व्हेन’, मध्ये ‘अँड’ नाही. मराठीत आपण अशा वेळी ‘कोण कोण’ म्हणून दुप्पट करतो. एकच येणं झालं असेल आणि त्याचे दोन तपशील हवे असतील तर ‘हू केम अँड व्हेन’. यातला ‘व्हेन’ म्हणजे आखडलेला दुसरा प्रश्न. ‘हू अँड व्हेन केम’ मात्र होत नाही. ‘व्हेन अँड व्हेअर डिड इट हॅपन’ चालतं आणि ‘व्हॉट अँड व्हेअर डिड यू बाय’ अडखळतं, याचं कारण एकेक शब्द सुटा करून बघितला की सापडतं. ‘व्हेन डिड इट हॅपन’ आणि ‘व्हेअर डिड इट हॅपन’ दोन्ही उभे राहतात. ‘व्हेअर डिड यू बाय’ राहत नाही, ‘बाय’ला काय ते हवंच असतं. मग ‘व्हॉट डिड यू बाय अँड व्हेअर’ असं लिहायचं. ‘ईट’बरोबर तीच जोडी कानाला कमी खुपते, कारण ‘व्हेअर डिड यू ईट’ एकटं चालतं.

प्रश्न दुसऱ्या वाक्यात बसवला की क्रम सरळ होतो, हे बहुतेकांना ठाऊक असतं. तरी ‘अँड’नंतर लक्ष सुटतं. ‘आय वाँट टु नो व्हेअर ही इज फ्रॉम अँड व्हॉट डझ ही डू’ यात पहिला अर्धा नीट आणि दुसरा पुन्हा प्रश्नासारखा झाला आहे. ‘व्हॉट ही डझ’ हवं. मी तपासताना ‘अँड’वर बोट ठेवून उजवीकडचा भाग वेगळा वाचतो.

‘तो बाहेर गेलाय.’ ‘कोणाबरोबर?’ इथे इंग्रजीत ‘हू विथ?’ म्हणतात, शब्द उलटे. अशी उलटापालट ‘हू’, ‘व्हॉट’, ‘व्हेअर’ अशा सुट्या शब्दांशीच होते: ‘व्हॉट फॉर?’, ‘व्हेअर टु?’. ‘विच फ्रेंड विथ?’ नाही, तिथे ‘विथ विच फ्रेंड?’ लागतं. ‘कसा’चंही तसंच लक्षात ठेवण्यासारखं आहे. ‘नवे शेजारी कसे आहेत?’ याला ‘हाउ आर’ म्हटलं तर त्यांची खुशाली विचारल्यासारखं होतं. स्वभाव विचारायचा तर ‘व्हॉट आर द न्यू नेबर्स लाइक?’. उत्तरात तो ‘लाइक’ येत नाही, ‘दे आर क्वाएट’ पुरे.

राहिला उच्चार. वाक्याच्या मध्ये इंग्रज ‘फॉर’, ‘टु’, ‘ॲट’ गिळून टाकतात, टोकाला आले की पूर्ण म्हणतात. आपण ते सगळीकडेच पूर्ण म्हणत असल्यामुळे इथे आपोआप बरोबर ठरतो. चुकतो तो जोर. ‘व्हॉट आर यू लुकिंग ॲट?’मध्ये आघात ‘लुकिंग’वर, ‘ॲट’ पूर्ण पण हलका. ‘हू विथ?’मध्ये मात्र आघात ‘विथ’वरच.