अंत्यसंस्काराची व्यवस्था करणारी माणसं : माझा अनुभव

बाबा पहाटे घरीच गेले. आजारपण लांबलेलं, त्यामुळे मनाची थोडी तयारी होती. पण पुढे काय करायचं, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. दादाने अंत्यसंस्काराची व्यवस्था बघणाऱ्या संस्थेला फोन लावला आणि गाडी कधी येईल, हेच आधी विचारलं. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "गाडीचं नंतर बघू. डॉक्टर येऊन गेले का?"

डॉक्टर तपासून मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र देत नाहीत तोवर पुढचं काही हलत नाही. नोंदणी, दाखला, अंत्यविधीची परवानगी, सगळं त्या एका कागदावर अडतं. त्यांनी फोनवरच बारीकसारीक गोष्टी सांगितल्या. डोक्याखालची उशी काढू नका, नाहीतर रक्त चेहऱ्याकडे साचून रंग बदलतो. डोळे मिटवा. टॉवेलची गुंडाळी करून हनुवटीखाली ठेवा, कारण काही तासांत शरीर ताठरायला लागतं आणि मग तोंड मिटवणं अवघड होतं. खोली थंड ठेवा. आणि शेवटी, "घाई करू नका. बसा त्यांच्याजवळ." त्या दिवशी सांत्वन करणारे फोन खूप आले, पण आम्हाला हातपाय हलवायला लावलं ते या सूचनांनी.

ते घरी आले ते फॉर्म घेऊनच. आधी वाटलं, काय रूक्ष माणूस आहे! त्यांनी विचारलं, "पेसमेकर बसवलाय का?" होता. दहन करायचं असेल तर तो आधी काढावा लागतो. भट्टीच्या उष्णतेत त्याची बॅटरी फुटते आणि भट्टीला, क्वचित तिथल्या माणसांनाही इजा होऊ शकते. आई इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "पुन्हा छाती उघडणार? त्यांना दुखेल हो." यावर त्यांनी शरीरशास्त्र सांगितलं नाही. "छोटीशीच चीर द्यावी लागते, वहिनी. नीट शिवून, पट्टी लावून देतो. कपड्याखाली काही दिसणार नाही." आई हो म्हणाली.

मग त्यांनी आमच्या प्रश्नांचे सरळ दोन ढीग केले. दहन की दफन, कोण लांबून येतंय, कपडे कुठले, हे आज ठरवायचं. अस्थींचं काय, स्मृती कशी जपायची, लोकांना कधी बोलवायचं, हे पुढे केव्हाही. दुसऱ्या ढिगावर दादा आणि काका तावातावाने बोलत होते, ते तिथेच थांबलं. त्यांचं कसब मला इथे दिसलं. दुःखात माणसाला सगळंच आत्ताच्या आत्ता करायचं असतं, आणि कुणीतरी बाहेरच्यानेच ते अडवावं लागतं.

धाकटी बहीण विमानाने यायची होती. मी विचारलं, रसायनं भरून ठेवावं लागेल का? "गरज नाही, ताई. दोन ते चार अंश तापमानात एक-दोन दिवस सहज राहतं. परदेशी न्यायचं असतं तर गोष्ट वेगळी." त्यात त्यांची कमाई होती, तरी त्यांनी नको म्हटलं. अशा वेळी कुणी भाव करत नाही, पुढ्यात येईल त्यावर सही होते. म्हणून खर्च बाबवार लिहून मागावा असं माझं स्पष्ट मत आहे. यांनी न मागता दिला.

नेताना त्यांनी अंगावरच्या वस्तूंची यादी करून सही घेतली आणि बाबांच्या घोट्याला आमच्यासमोर ओळखपट्टी बांधली. नाव आणि नंबर. दहन होईपर्यंत तोच नंबर कागदोपत्री सोबत राहतो, त्यामुळे अदलाबदलीची भीती उरत नाही. बाबांचा अलीकडचा एक फोटोही मागून घेतला, भांग कुठल्या बाजूला पाडायचे ते बघायला. आणि चष्मा घालायचा का? यावर आम्हा भावंडांत चक्क मतभेद झाले. शेवटी घातला.

दादाच्या मुलाला कुणीतरी 'आजोबा झोपलेत' असं सांगत होतं. तेवढ्यापुरते ते मध्ये बोलले, "असं नका सांगू, पोरं मग झोपायला घाबरतात. आजोबा वारले म्हणा. त्याला यायचं असेल तर येऊ द्या, पण तिथे काय दिसेल ते आधी सांगून ठेवा." पोरगा आला, आणि आमच्यापेक्षा जास्त प्रश्न त्यानेच विचारले. भट्टी किती गरम असते? साधारण आठशे ते हजार अंश. किती वेळ लागतो? दीड-दोन तास. बाबांच्या खुब्यातला धातूचा सांधा? तो जळत नाही, नंतर वेगळा काढतात. उरतात ती हाडं, आणि त्यांची पूड दोन-तीन किलो भरते. दादा त्याला दटावायला निघाला होता, पण ते प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देत राहिले. खरं तर ती उत्तरं मलाही हवी होती.

नोंदणीचा अर्ज त्यांनी भरला आणि बजावलं की दाखल्याच्या प्रती जास्तच काढा. बँक, विमा, पेन्शन, जो तो प्रत मागतो. नाव ओळखपत्राशी अक्षरन् अक्षर जुळायला हवं, एकदा नोंद झाली की दुरुस्तीला फार खेटे पडतात. अर्ज तपासायला मी हात पुढे केला, तर त्यांनी तो आईकडे दिला. आईने चष्मा लावून सावकाश वाचला. बाबांच्या जन्मतारखेत चूक होती, ती तिने पेन मागून दुरुस्त केली.