अनंत पिवळा का पडला: कुंडीतल्या मातीचा सामू मोजताना

अनंताला नवी पानं पिवळी येत होती आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्यागार होत्या. पिवळ्या कागदावर हिरव्या शाईने रेघा ओढाव्यात तशी. खालची जुनी पानं ठणठणीत. या खुणेकडे नीट पाहिलं तर अर्धं निदान तिथेच होतं. नत्र कमी पडलं की झाड ते जुन्या पानांतून काढून शेंड्याकडे पाठवतं, म्हणून जुनी पानं आधी पिवळी पडतात आणि सबंध पिवळी पडतात. मॅग्नेशियमची सुरुवातही जुन्या पानांपासूनच होते. लोह मात्र झाडाला एका पानातून दुसऱ्या पानात हलवता येत नाही. त्याची कमतरता शेंड्यालाच दिसते. उसावर, भुईमुगावर हे दिसलं की शेतकरी ‘केवडा पडला’ म्हणतात, तोच हा केवडा.

पण लोहाची कमतरता म्हणजे मातीत लोह नाही असं नव्हे. पुण्याच्या आसपासची माती बेसॉल्ट झिजून झालेली, तिच्यात लोह मुबलक असतं. मातीचा सामू, म्हणजे पीएच, साडेसातच्या पुढे गेला की ते लोह मुळांना घेता येईल अशा विरघळलेल्या रूपात राहत नाही. सामूचं माप दसपटीचं असल्यामुळे ६.५ वरून ७.५ म्हणजे आम्लता दहा पटींनी कमी. अनंत, एक्झोरा, सोनचाफा, लिंबू ही झाडं या बाबतीत फार हळवी. तगर किंवा बोगनवेल त्याच मातीत तक्रार न करता वाढते.

नर्सरीतले दादा म्हणाले, “ताई, हिराकस टाका चमचाभर, हिरवंगार होतंय बघा.” सल्ला चुकीचा नव्हता, हिराकस म्हणजे फेरस सल्फेटच. पण मला आधी कारण हवं होतं. हाच अनंत, याच कुंडीत, याच मातीत कोथरूडच्या घरी वर्षानुवर्षं फुलत होता. वाघोलीला राहायला आलो आणि काही महिन्यांत त्याचा रंग गेला. शेजारच्या कुंडीतलं लिंबूही तसंच दिसत होतं, पण ते इथे आल्यावर घेतलेलं आणि इथल्याच मातीत लावलेलं. एकच लक्षण, दोन वेगळ्या कहाण्या. म्हणून मोजायचं ठरवलं.

मातीत खुपसायचं काटेवालं मीटर घरात होतं, बॅटरी न लागणारं. त्यावर विसंबू नये. दोन धातूंच्या कांड्यांमधला बारीकसा प्रवाह ते दाखवतं आणि तो प्रवाह सामूपेक्षा ओलाव्यावर जास्त हलतो. पाणी घालण्याआधी एक आकडा, घातल्यावर दुसरा. लिटमस कागद आम्ल की अल्क एवढंच सांगतो. शेवटी पेनसारखं पीएच मीटर घेतलं. त्याच्यासोबत ४.००, ६.८६ आणि ९.१८ अशा ठरलेल्या सामूच्या बफर पावडरच्या पुड्या आल्या. एकेक पुडी २५० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवायची आणि त्या द्रावणात पेन बुडवून आकडा जुळवून घ्यायचा. हे केल्याशिवाय पेन काय दाखवतंय त्याला अर्थ नाही. आमची माती अल्कधर्मी निघणार हा अंदाज होता, म्हणून मी ६.८६ आणि ९.१८ ही जोडी वापरली. पेनच्या टोकाची काच कोरडी पडू द्यायची नाही, आणि डिस्टिल्ड वॉटरमध्येही बुडवून ठेवायची नाही. पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणाचे दोन थेंब टोपणात टाकून ठेवते.

डिस्टिल्ड वॉटर बॅटरीच्या दुकानात मिळतं. त्यातच पेन बुडवलं तर आकडा सातावर थांबत नाही, साडेपाच-सहाच्या दरम्यान भटकत राहतो. पेन बिघडलंय असं वाटू शकतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्या पाण्यात विरघळतो आणि तो आकडा धरून ठेवायला पाण्यात काहीच नसतं, एवढंच त्याचं कारण.

मातीसाठी आपल्याकडच्या प्रयोगशाळा वापरतात तेच प्रमाण घेतलं: २० ग्रॅम माती, ५० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर. माती वरवरची घ्यायची नाही. वरचा पांढरट थर खरवडून बाजूला काढायचा आणि मुळांच्या खोलीवरून दोन-तीन जागची माती घेऊन सावलीत वाळवायची. मग चाळून पाण्यात टाकायची, अर्धा तास अधूनमधून ढवळायची आणि मगच पेन बुडवायचं. अनंताची माती ८.० आली, लिंबाची ८.३.

दोन्ही आकडे जवळजवळ सारखे, पण त्यांचा अर्थ वेगळा निघाला आणि तो व्हिनेगरने सांगितला. दोन्ही कुंड्यांतली कोरडी माती बशीत घेऊन वर व्हिनेगर टाकलं. लिंबाची माती फसफसली आणि तिच्यातले पांढरे खडे तर बराच वेळ बुडबुडत राहिले. ती चुनखडी. अनंताच्या खालच्या मातीत काही झालं नाही, फक्त खरवडून काढलेल्या वरच्या थराने थोडा फेस दिला. अनंताच्या मातीत मुळात चुना नव्हता, तो वरून येत होता. म्हणजे पाण्यातून.

आता पाण्याकडे. नळाला येणारं सोसायटीचं पाणी बोअरचं, उन्हाळ्यात टँकरचं. त्याचा सामू मोजला तर ७.४. कोथरूडला बहिणीकडून बाटलीत आणलेल्या खडकवासल्याच्या पाण्याचा ७.६. आकड्यांवर गेलं तर बोअरचं पाणी जास्त चांगलं ठरेल! इथे बरेच जण थांबतात आणि ‘पाणी ठीक आहे’ म्हणून सोडून देतात. पाण्याचा सामू आणि पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचं बायकार्बोनेट विरघळलेलं असतं. सोबत जमिनीतला कार्बन डायऑक्साइडही असतो, म्हणून ताज्या पाण्याचा सामू बेताचा दिसतो. कुंडीत तो वायू उडून जातो, पाणी सुकतं, बायकार्बोनेट मागे राहतं आणि रोज थोडं थोडं मातीची आम्लता खात जातं. जमिनीत लावलेल्या झाडाच्या मुळांना चहूकडे माती असते. कुंडीत ती पाच-दहा लिटर, आणि वर्षभरात तिच्यातून जाणारं पाणी तिच्या कितीतरी पट. कुंडीचा सामू अखेर पाणीच ठरवतं, हे मला इथे नीट कळलं.

ही ताकद मोजायला मासे पाळणाऱ्यांच्या दुकानात थेंबांचं किट मिळतं, केएच टेस्ट नावाचं. ठरावीक पाण्यात एकेक थेंब टाकायचा आणि रंग बदलेपर्यंत मोजायचे. माझ्या किटमध्ये एक थेंब म्हणजे एक डिग्री, म्हणजे लिटरला सुमारे १८ मिलिग्रॅम चुन्याइतकी अल्कता. खडकवासल्याच्या पाण्याला ३ थेंब लागले, आमच्या पाण्याला १६. एक ५४, दुसरं जवळजवळ २९०. अनंत का पिवळा पडला ते त्या परीक्षानळीत दिसलं.

याच ओघात एक सांगते, कारण पुण्यात घरोघरी हे चालतं. पिण्याच्या आरओ मशीनमधून वाया जाणारं पाणी बादलीत साठवून आपण झाडांना घालतो. पाणी वाचवण्याची तळमळ खरी आहे, पण त्या पाण्यात मूळ पाण्यातले क्षार आणखी दाट झालेले असतात. त्याने जमीन पुसा, गाडी धुवा, अनंताला आणि लिंबाला घालू नका. उलट एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी क्षाररहित असतं, ते जरूर घाला.

लिंबाच्या कुंडीची माती शिवाजीनगरच्या माती परीक्षण प्रयोगशाळेतही तपासून घेतली. अहवालात सामू ८.३ आणि मुक्त चुना ६ टक्के. माझ्या पेनचा आकडा जुळला याचा आनंद झाला, पण त्या ६ टक्क्यांनी निर्णय बदलला. माझ्या डोक्यात गंधक घालायचं होतं. गंधक जमिनीतले जिवाणू खातात आणि त्याचं सल्फ्युरिक आम्ल होतं, हा सामू उतरवण्याचा खात्रीचा मार्ग. पण हिशेब मांडला. १०० ग्रॅम चुना विरघळवायला ३२ ग्रॅम गंधक लागतं. कुंडीत १५ किलो माती, तिच्यात ६ टक्क्यांनी ९०० ग्रॅम चुना, म्हणजे जवळजवळ २९० ग्रॅम गंधक. आणि तो सगळा चुना संपेपर्यंत सामू फारसा हलणारच नाही. तोपर्यंत कुंडीत जिप्सम आणि क्षार एवढे साठतील की मुळं जळतील. चुनखडीच्या मातीला कुंडीत सुधारत बसू नये, ती बदलावी.

म्हणून जूनमध्ये पाऊस लागल्यावर लिंबू काढलं, मुळांना इजा न करता जेवढी माती सुटली तेवढी सोडवली आणि नव्या मिश्रणात लावलं: लाल माती, धुतलेलं कोकोपीट, कुजलेला पालापाचोळा, थोडं गांडूळखत आणि निचऱ्यासाठी भाताचं तूस. लाल माती रंगावरून घेऊ नका. नर्सऱ्यांमधून मूठ-मूठ नमुने आणून प्रत्येकावर व्हिनेगर टाकलं, त्यातले काही चक्क फसफसले. कोकोपीटच्या विटेतही मीठ असतं, ती भिजवून, पिळून, पाणी बदलून पुन्हा भिजवायची. काढलेली काळी माती वाया गेली नाही, बोगनवेल आणि कोरफड तिच्यात मजेत आहेत.

अनंताची माती चांगलीच होती. तिथे दुखणं पाण्याचं, म्हणून उपाय पाण्यावर. वरचा इंचभर थर काढून टाकला. पावसाळ्यात पत्र्यावरून पडणारं पाणी २०० लिटरच्या पिंपात धरलं, तोंडाला बारीक जाळी घट्ट बांधून, कारण डेंग्यूचे डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतात. पावसाचं पाणी संपलं की सायट्रिक ॲसिड. किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळतं तेच. आमच्या १६ थेंबांच्या पाण्याला १० लिटरच्या बादलीत सुमारे साडेतीन ग्रॅम पुरतं, लहान काट्यावर तोलून. ढवळलं की बारीक बुडबुडे येतात, तो बायकार्बोनेटचा कार्बन डायऑक्साइड. सगळी अल्कता मारायची नसते, थोडी शिल्लक राहू द्यायची, म्हणून पेनवर साधारण ६ आला की थांबते. तुमच्याकडे थेंब कमी लागले तर त्याच हिशेबाने ॲसिड कमी करा. सायट्रिक ॲसिडला एक मर्यादा आहे: मातीतले जिवाणू ते खातात आणि काही अल्कता परत येते. म्हणून पिंपात पावसाचं पाणी असेल तर पहिला मान त्याला. संडास साफ करायचं ॲसिड मात्र कुणी सुचवलं तरी वापरू नका.

मातीचा चढलेला सामू उतरवायला इथे गंधकाचा उपयोग झाला, कारण त्याला खायला चुना नव्हता. मातीच्या दर लिटरला अर्धा ग्रॅम, वरच्या मातीत कालवून, कायम वाफसा ठेवून. परिणाम आठवड्यांनी दिसतो, थंडीत आणखी उशिरा. मधल्या काळात झाड उपाशी राहू नये म्हणून चिलेटेड लोह दिलं, म्हणजे दुसऱ्या रसायनाने धरून विरघळलेलं ठेवलेलं लोह. मार्केट यार्डाजवळच्या कृषी सेवा केंद्रात पाकीट मागितलं तर आधी ईडीटीएचं पुढे आलं. ते साडेसहाच्या वर लोहाला धरून ठेवत नाही, म्हणजे आठच्या मातीत ते पैसे पाण्यात. ईडीडीएचए असं लिहिलेलं मागून घ्या. महाग आहे, पण नऊपर्यंत टिकतं. हिराकशीचं लोह अल्कधर्मी मातीत काही दिवसांत गंजून बसतं. त्याची फवारणी मात्र चालते, लिटरला ५ ग्रॅम, संध्याकाळी. फरशीवर थेंब पडू देऊ नका, गंजाचे डाग निघत नाहीत.

पिवळी झालेली पानं पुरती हिरवी झाली नाहीत. नवी आली ती मात्र देठापासून टोकापर्यंत हिरवी. आता सारखी माती उकरून मुळं दुखवत नाही. कुंडीला नेहमीसारखं पाणी घालते, तासभर थांबते, मग १०० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर हळूहळू वरून सोडते आणि खाली ताटलीत उतरलेलं पाणी पेनने तपासते. अनंत ६.४ वर आहे, लिंबू ६.६. टँकर सुरू झाले की थेंब पुन्हा मोजावे लागतात, कारण पाणी कुठल्या विहिरीचं येईल याचा नेम नसतो.

हे सगळं पाहून खालच्या मजल्यावरच्या काकू त्यांच्या कढीपत्त्यासाठी गंधक मागायला आल्या. त्या त्याला अंड्याची टरफलं आणि चुलीची राख घालत होत्या आणि दोन्हींनी सामू वर जातो, म्हणून आधी मोजून पाहिलं. ७.१ निघाला. पिवळी पानं खालची, जुनी, शिरांसकट पिवळी. “काकू, याला गंधक नको, नत्र हवंय,” म्हटलं. राख थांबवली, कुंडी मोठी केली आणि कुजलेलं शेणखत दिलं.