खाणीतील लाकडी दारे बदलून घेताना

चंद्रपूर जिल्ह्यातील एका भूमिगत कोळसा खाणीत वायुवीजनाची जबाबदारी माझ्याकडे असताना इनटेक म्हणजे ताजी हवा आत नेणारी वाट आणि रिटर्न म्हणजे वापरलेली हवा बाहेर नेणारी वाट, यांच्यामधील लाकडी दारे बदलून घेण्याचे काम माझ्याकडे आले. ही दारे जोडीने असतात, कारण एक उघडले तरी दुसरे बंद राहिले पाहिजे. नाहीतर हवा जवळच्या वाटेने रिटर्नमध्ये निघून जाते आणि फेसवरच्या, म्हणजे जेथे कोळसा तोडतात तेथील, माणसांपर्यंत पोहोचतच नाही. आगीत दार जळून गेले तरी हेच होते आणि धूर कोठे वळेल याचा भरवसा उरत नाही. जानेवारी १९९४ मध्ये राणीगंज कोळसाक्षेत्रातील न्यू केंदा खाणीत आग लागून ५५ कामगार दगावले, हे मला त्या काळात वारंवार आठवत असे.

पुरवठादाराने पहिल्या खेपेस आग लवकर धरू नये म्हणून प्रक्रिया केलेल्या सागवानाची दारे पाठवली. सागवान म्हटल्यावर सगळेच निश्चिंत झाले. मीही झालो असतो. या प्रक्रियेत लाकूड बंद टाकीत ठेवून आधी त्यातील हवा काढतात आणि मग अमोनियम फॉस्फेट, बोरॅक्स, बोरिक आम्ल अशा क्षारांचे द्रावण दाबाखाली आत शिरवतात. अशा लाकडातून तापल्यावर पेट घेणारे वायू कमी निघतात आणि पृष्ठभागावर जळक्या लाकडाच्या कोळशाचा थर लवकर धरतो. मात्र सागाच्या गाभ्यात द्रावण सहसा शिरत नाही. म्हणून मी एक फळी आडवी कापून घेतली, कापावर स्पिरिटमधील हळदीचा अर्क लावला, तो वाळल्यावर आम्ल लावले. जेथे बोरॉन असते तेथे हळद लाल होते. कडेला दोन-तीन मिलिमीटरची लाल किनार उमटली आणि आतले सगळे लाकूड पिवळेच राहिले. ती खेप मी परत पाठवली.

दुसऱ्या वेळी चीर पाइन, म्हणजे द्रावण सागापेक्षा सहज शिरणारे हिमालयातील चीडाचे लाकूड, मागवले आणि अट घातली की मापे, बिजागऱ्यांच्या खाचा व भोके प्रक्रियेआधीच पूर्ण करावीत. नमुना चौकटीसह भट्टीत तपासून घेतला. प्रमाणित चाचणीत अर्ध्या तासाला भट्टीचे तापमान सुमारे ८४२ अंश सेल्सिअस असते. फळ्या व्यवस्थित टिकल्या, पण चौकट आणि दार यांच्या फटीपाशी गरम वायू बाहेर येतात का हे पाहण्यासाठी धरलेला कापूस पेटला, म्हणजे नमुना नापास. माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे: प्रक्रिया केलेले लाकूड मिनिटाला मिलिमीटरपेक्षाही कमी वेगाने कोळसते, आग मात्र सांध्यातून वाट काढते. चौकटीची खाच खोल करून तीत उष्णतेने फुगणारी पट्टी बसवल्यावर पुढचा नमुना उत्तीर्ण झाला.

दारे बसवल्यानंतर पंधरवड्यातच दमट हवेने एक दार फुगले आणि खाली घासू लागले. मेस्त्री रंधा घेऊन बसले होते. “मेस्त्री, तेवढे सोडून काहीही करा,” असे म्हणून मी त्यांना थांबवले, कारण रंध्याबरोबर प्रक्रिया झालेला थरच निघून गेला असता. आम्ही दार न तासता उंबरठा खाली घेतला. ओलाव्याने क्षार झिरपून जाऊ नयेत म्हणून सर्व बाजूंना, विशेषतः फळ्यांच्या कापलेल्या टोकांना, रंगाचा बंद थर दिला. अमोनियमच्या क्षारांनी साधे लोखंड लवकर गंजते, म्हणून बिजागऱ्या व खिळे स्टेनलेस स्टीलचे घेतले.

शेवटी मायनिंग सरदारांना, म्हणजे पाळीतील सुरक्षेची तपासणी करणाऱ्या पर्यवेक्षकांना, सोबत घेऊन प्रत्येक चौकटीभोवती धूर सोडणाऱ्या नळीने हवेची गळती तपासली. विटांच्या भिंतीला लागून एका ठिकाणी धूर आत ओढला गेला. तेथे पुन्हा सिमेंट भरले आणि दुसऱ्या पाळीत तपासणी झाल्यावरच रजिस्टरमध्ये सही केली.