आधी दिवस जाऊ द्या, मग विमा

इथे ह्यूस्टनमध्ये माझी एक कृष्णवर्णीय मैत्रीण आहे. एका लायब्ररीत अर्धवेळ काम करते. तिशी उलटलीय, बीपीची गोळी चालू आहे आणि आता मूल हवंय. परवा म्हणाली, "विमा हवा तर आधी दिवस जायला हवेत." मला वाटलं, चेष्टा करतेय.

कसली चेष्टा! मेडिकेड हा इथला गरिबांसाठीचा सरकारी विमा. टेक्सासात मूलबाळ नसलेल्या धडधाकट माणसाला तो मिळतच नाही, कमाई शून्य असली तरी. खासगी विमा घ्यायला मिळणारं 'ओबामाकेअर' कायद्याचं अनुदान दारिद्र्यरेषेच्या वर कमावणाऱ्यांना. हिची नि नवऱ्याची कमाई मिळून रेषेच्या खाली. म्हणजे सवलत मिळण्याइतकी ही श्रीमंत नाही! 40 राज्यांनी मेडिकेड वाढवून हे भगदाड बुजवलं, टेक्सासने नाही. गर्भ राहिला की मात्र हेच सरकार तपासण्या, बाळंतपण सगळं करतं. मार्च 2024 पासून तर बाळंतपणानंतर वर्षभर विमा चालू ठेवतं.

अहो, पण बीपी आधीपासूनच आहे ना? बीपीच्या काही गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत, त्या आधीच बदलायला हव्यात. ज्या नळीपासून बाळाचा मेंदू आणि कणा घडतो ती गर्भधारणेनंतर 28 दिवसांत मिटते, म्हणून फॉलिक ॲसिडही आधीपासून. तेव्हा पाळी चुकल्याचा नुसता संशय असतो. अर्ज, कागदपत्रं, मंजुरी व्हायची कधी? राज्याची एक कुटुंबनियोजनाची योजना आहे, बीपीची गोळी हिला तिच्यातूनच मिळते. पण तो काही पूर्ण विमा नव्हे.

2023 मध्ये अमेरिकेत लाख जन्मांमागे 50.3 कृष्णवर्णीय माता दगावल्या, गोऱ्या 14.5. सगळा दोष विम्याचा नाही. 2017 मध्ये बाळंतपणानंतर सेरेना विल्यम्सला फुप्फुसात गुठळीची शंका आली, तेव्हा नर्सला वाटलं की औषधाने बरळतेय. ती सेरेना, बाकीच्यांचं कोण ऐकतं?

मग मी महाराष्ट्राचा 2018-20 चा आकडा मैत्रिणीला ऐकवला. 33! तोही कॉलर ताठ करून. घरी नवरा म्हणाला, "मेळघाटचंही सांगितलंस का?" नाही सांगितलं. पण आपली आशाताई लोहाच्या गोळ्या द्यायला दारात येते, विम्याचं कार्ड मागत नाही, हे खोटं आहे का? (आपल्याकडच्या मेडिक्लेममध्ये बाळंतपणासाठी वर्षानुवर्षं थांबावं लागतं, तो विषय मी काढलाच नाही.)

माझं म्हणाल तर नवऱ्याच्या कंपनीचा विमा. आम्ही विचार करतोय एवढंच सांगितलं, तर डॉक्टरांनी लगेच साखर तपासली, कारण भारतीय वंशात डायबेटिसचा धोका जास्त. माझा वंश माझ्या कामी आला. त्यात मी काय करणार? कर आम्हीही भरतो.

तिच्या लायब्ररीत विम्यासकट पूर्णवेळ जागा निघेल असं म्हणतात. तोवर थांबायचं की नाही, हे अजून दोघांचं ठरत नाहीये.