अगत्ती ते पोर्ट ब्लेअर, सव्वातीन तास

रामबागेतले एक काका आमच्या ट्रॅव्हल एजन्सीच्या ऑफिसात आले ते मोबाइल पुढे करतच. अंतर सांगणारी एक वेबसाइट उघडलेली: लक्षद्वीपातलं अगत्ती ते अंदमानातलं पोर्ट ब्लेअर, सुमारे २२४५ किलोमीटर, सव्वातीन तास. काकूंना लक्षद्वीप बघायचं होतं, काकांना सेल्युलर जेल. मुलाने बाहेरगावाहून बेत आखून दिला होता: सकाळी अगत्ती सोडायचं, जेवायला अंदमानात. तिथलं हॉटेलही त्याच तारखेचं भरून झालेलं.

असं विमानच नाही. असल्या वेबसाइट दोन्हीकडचे अक्षांश-रेखांश घेतात, पृथ्वीच्या गोलावरचं सर्वांत जवळचं अंतर काढतात, ताशी आठशेच्या आसपास वेगाने भागतात आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास त्यात मिळवतात. गणित चोख. त्या रेघेवर कोणी विमान उडवतं का, एवढंच बघत नाहीत. याची मला मनापासून चीड येते, कारण लोक त्या आकड्यावर पैसे भरून मोकळे होतात.

अगत्तीची धावपट्टी जेमतेम १२०० मीटर, दोन्ही बाजूंना समुद्र. तिथे एटीआरसारखं पंख्याचं विमान उतरतं, आणि ते ताशी पाचशेच्या आसपास चालतं. म्हणजे आठशेचा हिशेब पहिल्याच टप्प्यात कोसळला.

मी दोन दिवसांचा बेत कागदावर मांडला. अगत्ती-कोची ४६५, कोची-चेन्नई ५२०, चेन्नई-पोर्ट ब्लेअर १३७०. बेरीज २३५५. काकांनी लगेच वजाबाकी केली. "अहो, फक्त ११० किलोमीटर जास्त! त्यासाठी दोन दिवस?"

प्रश्न रास्त होता. अंतर जवळपास तेच, पण तिकिटं तीन, पीएनआर, म्हणजे बुकिंगचे नंबर, वेगवेगळे. कोचीत सामान ताब्यात घ्यायचं, बाहेर यायचं, पुन्हा चेक-इन. बेटावरचं विमान लांबलं तर पुढची कंपनी थांबत नाही; तुम्ही नो-शो, म्हणजे गैरहजर, पैसे गेले. शिवाय घड्याळ दोन्हीकडे एकच असलं तरी रेखांशात वीस अंशांहून जास्त फरक आहे. डिसेंबरात पोर्ट ब्लेअरला पाचच्या सुमारास दिवस बुडतो, अगत्तीत सहा वाजून गेल्यावर. उशिरा पोचून जेल बघू, हेही होत नाही.

म्हणून मी कोचीत एक रात्र मोकळी ठेवली. काका म्हणाले, "तुमचं कोचीच्या हॉटेलशी काही असतं का?" मला ते फार लागलं. वेबसाइटवर डोळे मिटून विश्वास, आणि समोर बसून परमिटपासून बॅगेच्या वजनापर्यंत सगळं बघणाऱ्यावर संशय. काकूच म्हणाल्या, "राहू दे हो, कोची बघू."

प्रवासाच्या दिवशी अगत्तीचं विमान कोचीत अगदी वेळेवर आलं. दुपारी काकांचा फोन: "आम्ही इथे रिकामे बसलोय. संध्याकाळचं चेन्नईचं विमान सहज मिळालं असतं." खरंच मिळालं असतं. दुसऱ्या दिवशी ते ठरल्याप्रमाणे पोर्ट ब्लेअरला उतरले, जेलही बघून झालं, पण परतल्यावर बिल द्यायला काका आलेच नाहीत. काकू आल्या.

विमान लांबलं असतं तर मी शहाणा ठरलो असतो. नाही लांबलं, म्हणून ती रात्र त्यांच्या लेखी वाया गेली. आमच्याकडची नवी मुलं म्हणतात, गिऱ्हाइकाला हवं तसं बुक करून द्यावं, जबाबदारी त्याची. मला ते पटत नाही. सत्तरीतल्या जोडप्याला मी आजही कोचीत ती रात्र घेऊनच देईन. फक्त आता कोटेशनवर तिन्ही टप्प्यांचे तास आणि मधला थांबा मी स्वतःच्या हाताने लिहून देतो.